उड्डाण-सदृशक, लष्करी : इतिहास व देखभाल

उड्डाण-सदृशक, लष्करी : विमान प्रत्यक्ष आकाशात न नेता वैमानिकास व त्याच्या सहकाऱ्यांस उड्डाणाचे शिक्षण देणारे, विमानाच्या वर्तनाची जमिनीवर नक्कल करणारे यंत्र. व्यवहारात यास सिम्युलेटर म्हणतात. त्याचे ढोबळमानाने पाच भाग असतात : खऱ्या विमानासारखा वैमानिक-कक्ष, उड्डाणाची गणिते सोडविणारा संगणक [→ संगणक], खिडकीबाहेरचे दृश्य दाखविणारी यंत्रणा, कक्षास हलविणारा चलन-मंच आणि निदेशकाचे मेज. या मेजावरून निदेशक एंजिनास आग लावू शकतो, धुके पसरवू शकतो किंवा चाके उघडू न देण्याची व्यवस्था करू शकतो. शिकणाऱ्याने चूक केली, तर विमान कोसळते. पण कोणी मरत नाही आणि पाच मिनिटांत तोच प्रसंग पुन्हा उभा करता येतो. लष्करी वैमानिकास शत्रूची क्षेपणास्त्रे, रात्रीचे हल्ले, हवेत इंधन भरणे, जहाजावर उतरणे अशा गोष्टी शिकाव्या लागतात. त्यांपैकी काहींचा सराव खऱ्या विमानातून करणे अतिशय खर्चाचे, तर काहींचा अशक्यच असते. त्यामुळे नागरी वाहतुकीपेक्षाही लष्करात या साधनाचे महत्त्व अधिक आहे.

सदृशकाच्या इतिहासात सामान्यतः त्याच्या शोधकांची व नव्यानव्या तंत्रांची हकीकत सांगण्यात येते. ती खोटी नसली, तरी अपुरी आहे. विमान बिघडले, तर ते उडत नाही किंवा उडताना आपला बिघाड दाखविते. सदृशक बिघडला, तर तो बहुधा चालूच राहतो आणि चुकीचे शिकवू लागतो. त्याचा खरेपणा कारखान्यातून एकदाच मिळत नाही, तो दररोज राखावा लागतो. म्हणून या यंत्राच्या इतिहासात शोधकाच्या बरोबरीने देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाचे स्थान आहे, आणि प्रत्येक पिढीत या तंत्रज्ञाला कशाशी झगडावे लागले हे पाहिल्याशिवाय तो इतिहास नीट उलगडत नाही.

प्रारंभ : विमानविद्येच्या पहिल्या दशकातच जमिनीवरील शिक्षणाची साधने निघाली. फ्रान्समध्ये मूर्मेलाँ येथे १९०९-१० च्या सुमारास आंत्वानेत विमानाच्या शिष्यांसाठी पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक ठेवून बैठक केली होती. मदतनीस ती हाताने डोलवीत आणि शिष्याने चाके फिरवून तोल सावरावयाचा, असा तो प्रकार होता. यात विमानाचे गणित नव्हते, फक्त सवय होती. शिष्याच्या हालचालीस यंत्राने स्वतः उत्तर देणे ही पुढची पायरी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गाठली गेली.

एडविन अल्बर्ट लिंक (१९०४–८१) याच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यातील बिंगमटन येथे ऑर्गन व स्वयंचलित पियानो बनविण्याचा कारखाना होता. अशा पियानोत हवेच्या दाबावर चालणारे भाते, झडपा व रबरी नळ्या असतात. हीच सामग्री वापरून लिंक याने आखूड पंखांची एक पेटी तयार केली व १९२९ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला. पेटी चार भात्यांवर टेकलेली असे. दांडा पुढे ढकलला की झडपेतून एका भात्यातील हवा शोषली जाई आणि पेटीचे नाक खाली येई. पायाने सुकाणू दाबले की भात्यांवरच चालणारी एक मोटर सबंध पेटी गरगर फिरवी. प्रारंभी या यंत्रास विमानविद्येच्या शाळांत कोणी विचारले नाही. त्याचे पहिले ग्राहक जत्रा-करमणुकीच्या बागा हेच होते.

१९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकी सरकारने टपाल वाहण्याचे काम खाजगी कंपन्यांकडून काढून लष्करी हवाई दलाकडे सोपविले. हे वैमानिक उघड्या हवामानात कुशल होते. परंतु केवळ उपकरणांकडे पाहून ढगांतून व रात्री उडण्याची तालीम त्यांना नव्हती. थोड्याच आठवड्यांत दहापेक्षा अधिक वैमानिक मरण पावले. त्यानंतर धुके दाटलेले असताना लिंक स्वतः उपकरणांच्या आधारे विमान उडवीत न्यूअर्कच्या विमानतळावर अधिकाऱ्यांच्या भेटीस उतरला, अशी हकीकत सांगतात. त्याच वर्षी लष्कराने प्रत्येकी सु. ३,५०० डॉलर देऊन सहा यंत्रे विकत घेतली. यानंतरच्या लिंक पेटीवर झाकण असे. ते बंद केले की शिष्यास बाहेरचे काहीच दिसत नसे. समोरचा उपकरण-फलक व कानांतील आवाज एवढ्यांवरच त्याने मार्ग काढावयाचा असे.

दुसऱ्या महायुद्धात दहा हजारांहून अधिक लिंक यंत्रे बनविण्यात आली व पाच लाखांवर वैमानिक त्यांवर शिकले, असे मानतात. निळ्या रंगामुळे ‘निळी पेटी’ हे नाव रूढ झाले. कॅनडातही ती तयार होत. अमेरिकी नौदलाच्या स्त्री-दलातील अनेकींनी निदेशिका म्हणून काम केले. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानातील हवाई दलाच्या शाळांतही लिंक यंत्रे आली होती.

निदेशकाच्या मेजावर नकाशा पसरलेला असे आणि त्यावर तीन चाकांचा ‘खेकडा’ फिरत असे. पेटीची दिशा व वेग यांनुसार तो सरके आणि त्याचे शाईत भिजलेले एक चाक विमानाचा कल्पित मार्ग कागदावर उमटवी. शिष्य बाहेर आल्यावर त्याला आपली चूक रेषेच्या रूपात पाहावयास मिळे. या खेकड्याची शाई, चाके व लहान मोटरी ही रोजच्या निगेची बाब होती. पण खरी डोकेदुखी भात्यांची. रबर चढविलेले कापड घडीच्या ठिकाणी चिरते, दमट हवेत चिकट होते, उष्ण हवेत कडक पडते. एका भात्यास बारीक छिद्र पडले, तर पेटी बंद पडत नसे. ती किंचित एका बाजूस कलू लागे आणि शिष्य नकळत दांडा विरुद्ध बाजूस धरून ठेवावयास शिके. हीच सवय घेऊन तो खऱ्या विमानात जाई. गळती शोधणे, झडपांतील धूळ काढणे, फिरत्या पेटीस वीज पोचविणारी सरकती कडी घासणे आणि उंचीमापक व वेगमापक पुन्हा अचूक लावणे, हे काम करणाऱ्यास वाद्ये दुरुस्त करणाऱ्याचा कान व घड्याळजीचा हात असावा लागे. बाजाच्या पेटीचा भाता फाटल्यावर सूर कसा पडतो, हे ज्याने ऐकले आहे त्याला यातील मर्म वेगळे सांगावयास नको.

इलेक्ट्रॉनिकीचा प्रवेश : लिंकच्या पेटीत विशिष्ट विमानाचे गणित नव्हते, ते कोणत्याही विमानासारखे व म्हणून नेमके कोणत्याच विमानासारखे नव्हते. विमानावरील प्रेरणांची समीकरणे सोडवून त्यांनुसार उपकरणे हलविणे हे अनुरूप संगणकामुळे शक्य झाले. या संगणकात वेग, उंची, कोन इ. राशी विजेच्या दाबाच्या रूपात असतात. बेल प्रयोगशाळांनी १९४३ मध्ये अमेरिकी नौदलाच्या एका समुद्री गस्ती विमानासाठी असे साधन तयार केले. रिचर्ड डेमेल याच्या कल्पनांवरून कर्टिस-राइट कंपनीने १९४८ मध्ये पॅन अमेरिकन कंपनीस स्ट्रॅटोक्रूझर विमानाचा सदृशक पुरविला. तो हलत नसे व त्यातून बाहेरचे काही दिसत नसे; पण कक्षातील प्रत्येक खटका व प्रत्येक काटा खऱ्या विमानाप्रमाणे वागे.

येथे देखभालीचे स्वरूप पालटले. निर्वात नलिकांचे वर्धक तापले की त्यांचे शून्य सरकते. काहीही न करता त्यांतून थोडा दाब बाहेर पडू लागतो आणि संगणकाच्या दृष्टीने तो दाब म्हणजे वेग किंवा उंची असते. दांडा स्थिर असताना विमान आपोआप चढू लागले, तर तो वाऱ्याचा झोत नसून सकाळी कोणी तरी शून्य लावावयास विसरल्याचा परिणाम असे. म्हणून वर्ग सुरू होण्यापूर्वी बराच वेळ यंत्र तापवून ठेवावे लागे व एकेक वर्धक तपासावा लागे. विभवमापकांच्या तारा घासून खरखर सुरू होई, सांधे सुटत, नलिका जळत. असंख्य डाखलेल्या सांध्यांपैकी कोणता सैल झाला हे शोधण्यात रात्र जाई. दिवस वैमानिकाचा आणि रात्र तंत्रज्ञाची, ही वाटणी याच काळात पक्की झाली व ती आजही बहुतेक ठिकाणी टिकून आहे.

अंकीय संगणकाचा जन्मही काही अंशी याच गरजेतून झाला, ही गोष्ट फारशी ज्ञात नाही. मॅसॅचूसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत १९४४ मध्ये अमेरिकी नौदलासाठी सर्व विमानांस चालेल असा सदृशक बनविण्याचे काम हाती घेतले गेले. जे फॉरेस्टर व त्याचे सहकारी अनुरूप पद्धती सोडून अंकीय पद्धतीकडे वळले, यंत्र वाढत गेले आणि अखेरीस वैमानिक-कक्षच टाकून देण्यात आला. जे उरले तो ‘व्हर्लविंड’ हा संगणक. चुंबकीय गाभ्यांच्या स्मृतीमुळे तो संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. वैमानिक मात्र त्यावर एकही शिकला नाही. अंकीय संगणकाने उड्डाणाचे गणित वेळेत सुटते हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या नौदलासाठीच्या प्रकल्पातून १९६० मध्ये सिद्ध झाले. अंकीय यंत्रात शून्य सरकत नाही. काल जे उत्तर आले तेच आज येते. तंत्रज्ञास मिळालेली ही फार मोठी सुटका होती.

दृश्य व चलन : सुटका पूर्ण मात्र नव्हती, कारण याच सुमारास दोन नवी व नाजूक अंगे यंत्रास जोडली गेली. खिडकीबाहेरचे दृश्य दाखविण्यासाठी भिंतीवर धावपट्टी, शेते, घरे यांचे लहान प्रतिरूप उभे करीत व त्यावरून दूरचित्रवाणीचा कॅमेरा फिरवीत. वैमानिक दांडा हलवी तसा कॅमेरा सरके. प्रतिरूप उजळण्यासाठी प्रखर दिव्यांची रांग लागे. तिची उष्णता घालविण्यासाठी वातानुकूलन लागे. वैमानिक जमिनीवर आदळला की कॅमेऱ्याचे भिंग प्रतिरूपावर आपटू नये म्हणून संरक्षक खटका असे व तो रोज तपासावा लागे. दोन हजारांस एक या प्रमाणातील प्रतिरूपावर एक सेंटिमीटरचा किडा बसला, तर पडद्यावर तो वीस मीटरांचा दिसणार, हे उघडच आहे. त्यामुळे धूळ झाडणे हेही येथे तांत्रिक काम होते. संगणकाने रचलेल्या चित्रांचा उपयोग प्रथम अमेरिकी अंतराळ-कार्यक्रमात झाला. १९७० नंतर ती प्रशिक्षणात आली, प्रारंभी केवळ रात्रीच्या दिव्यांच्या ठिपक्यांच्या रूपाने. पुढे प्रक्षेपकांचे दिवे मंदावणे, तीन रंगांच्या प्रतिमा एकमेकींवर न जुळणे व शेजारच्या दोन पडद्यांच्या सांध्यावर क्षितिज तुटणे, या नव्या तक्रारी सुरू झाल्या.

चलन-मंच सहा पायांचा असतो. प्रत्येक पाय लांब-आखूड होऊ शकतो व सहांच्या संयोगाने कक्ष वरखाली, पुढेमागे, डावीउजवीकडे सरकतो आणि तिन्ही अक्षांभोवती कलतो. टायरांच्या परीक्षणासाठी ग्रेट ब्रिटनमध्ये गॉफ याने असे यंत्र केले होते. स्ट्यूअर्ट याने १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे ते त्याच्या नावाने ओळखले जाते. अनेक वर्षे हे पाय उच्च दाबाच्या तेलावर चालत. तेल गाळणे, ते थंड राखणे, गळती आवरणे व मंच कोसळू नये अशी व्यवस्था ठेवणे ही अवघड व काहीशी धोक्याची कामे होती. अलीकडच्या यंत्रांत विजेच्या मोटरींचे पाय आल्याने तळघरातील तेलाचा वास गेला आहे.

हात, डोळा व कान यांना मिळणाऱ्या संवेदना एकाच वेळी पोचाव्या लागतात. दांडा हलविल्यापासून दृश्य बदलेपर्यंत लागणाऱ्या विलंबास नागरी विमानांच्या उच्च श्रेणीच्या सदृशकांत १५० मिलीसेकंदांची मर्यादा घालून दिलेली आहे. विलंब वाढला की वैमानिक गरजेपेक्षा अधिक दांडा ओढतो, मग उलट ढकलतो आणि विमान हिंदोळे घेऊ लागते. डोळ्यांस कलल्याचे दिसते पण शरीरास जाणवत नाही, अशा वेळी मळमळही सुटते. कित्येक अनुभवी वैमानिक सदृशकास नावे ठेवतात, त्यामागे अहंकारापेक्षा असा न जुळलेला विलंबच अनेकदा असतो.

देखभालीचे स्वरूप : दररोज पहिल्या वर्गापूर्वी तंत्रज्ञ स्वतः कक्षात बसून ठराविक उड्डाण करतो : एंजिने सुरू, उड्डाण, एक वळण, उतरणे, आग विझविण्याचे खटके, संदेशवहन, आणीबाणीत मंच थांबविणारी कळ. वर्गात आढळलेला प्रत्येक बिघाड निदेशक नोंदवहीत लिहितो. तो दुरुस्त झाल्याची, अथवा अमुक पाठ तूर्त घेऊ नये याची, नोंद तंत्रज्ञाने करावयाची असते. याखेरीज खऱ्या विमानाच्या चाचणी-उड्डाणांत मिळालेली मापे संग्रही असतात. तीच हालचाल सदृशकात करवून दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवतात. वक्ररेषा ठरलेल्या मर्यादेत जुळल्या नाहीत, तर कारण शोधावे लागते. नागरी सदृशकांत या चाचण्या वर्षभरात विभागून पुन्हा पुन्हा कराव्या लागतात व त्यांवर शासकीय मान्यता अवलंबून असते.

यंत्र निकोप असूनही ते खोटे ठरू शकते, आणि लष्करात हा प्रकार विशेष घडतो. लढाऊ विमान तीस-चाळीस वर्षे सेवेत राहते. मधल्या काळात त्याचे रडार, पडदे, शस्त्रे, कधी एंजिनही बदलते. विमानावर केलेला बदल सदृशकावर झाला नाही, तर वैमानिक नसलेली कळ दाबावयास शिकतो. संगणकाची आज्ञावली व विमानाची मूळ मापे पुरवठादाराच्या ताब्यात असतील, तर साधा बदलही त्याच्या सवडीने व त्याच्या किंमतीस करून घ्यावा लागतो. संगणक स्वतःही पंधरा-वीस वर्षांत कालबाह्य होतो व त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात. भात्याचे छिद्र बोटाने तरी सापडत असे. करारातील छिद्र सापडेपर्यंत वर्षे लोटतात.

चुकीच्या शिक्षणाचे परिणाम किती दूर जातात याचे उदाहरण नागरी क्षेत्रातले आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे एअरबस ए-३०० विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळले. विमानातील २६० व जमिनीवरील ५ माणसे मरण पावली. पुढच्या विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात सहवैमानिकाने सुकाणू पायाने जोरात डावे-उजवे दाबले व उभे शेपूट तुटून पडले. शासकीय चौकशीत मुख्य कारण हे दाबणे ठरले. सुकाणू-यंत्रणेच्या रचनेबरोबरच कंपनीच्या प्रशिक्षण-कार्यक्रमाचाही हातभार त्यास लागला, असे नमूद करण्यात आले. त्या कार्यक्रमातील सदृशकाच्या पाठात भोवऱ्याचा परिणाम वास्तवापेक्षा फार मोठा दाखविला जात असे. यंत्र मोडलेले नव्हते. त्याने सांगितलेले खरे नव्हते.

भारतातील स्थिती : स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाई दलाने ब्रिटिश, फ्रेंच व रशियन अशी नाना जातींची विमाने घेतली. प्रत्येक जातीचे शिक्षण-साहित्य, सुटे भाग व पुस्तिकांची भाषा निराळी असल्याने देखभालीचा अनुभव एकत्र साचणे कठीण झाले. नाशिकजवळील ओझर येथे परवान्याखाली बांधण्यात आलेले मिग-२१ हे अनेक दशके हवाई दलाचा कणा होते. वेगाने उतरणाऱ्या या विमानाकडे तरुण वैमानिक मंद गतीच्या शिक्षण-विमानांवरून एकदम येत. त्यांच्या अपघातांचा विचार करणाऱ्या ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये मधल्या टप्प्याच्या प्रगत जेट शिक्षण-विमानाची शिफारस केली. त्यासाठी ब्रिटनशी ६६ हॉक विमानांचा करार व्हावयास मार्च २००४ उजाडला आणि विमाने सेवेत दाखल झाली ती फेब्रुवारी २००८ मध्ये. ही सव्वीस वर्षे भारतीय लष्करी प्रशिक्षणाच्या इतिहासातील सर्वांत महाग काळ म्हणावा लागेल. मिग-२१ विमाने सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाली.

हॉक विमानांचे ठाणे बीदर हे आहे. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरांत उगम पावणारी मांजरा नदी पुढे याच जिल्ह्यातून वाहते, आणि १९५६ पर्यंत बीड व बीदर हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. या पठारावर हवा बराच काळ निरभ्र राहते. येथे १९६३ पासून वैमानिकांचे शिक्षण चालत आले आहे. हॉकच्या शिक्षणक्रमात विमानातील तासांबरोबर सदृशकातील तास धरलेले असतात. वैमानिक-कक्षातील पडदे, शस्त्रांची निवड व आणीबाणीचे पाठ तो आधी जमिनीवर गिरवितो. पठाराची हवा उड्डाणास जितकी अनुकूल, तितकी यंत्रास नाही. उन्हाळ्यातील बारीक धूळ प्रक्षेपकांच्या भिंगांवर व पंख्यांच्या जाळ्यांवर बसते. पावसाळ्यातील दमट हवा विद्युत् जोडण्या गंजविते. विजेचा दाब खालीवर झाला की संगणक मध्येच थांबतो. यूरोपातील पुस्तिकेत लिहिलेला गाळणी बदलण्याचा काळ दख्खनमध्ये जसाच्या तसा पाळून चालत नाही, हे अशा ठिकाणी काम केलेल्या कोणत्याही तंत्रज्ञास ठाऊक असते.

नाशिक येथे २००३ पासून भूसेनेच्या हेलिकॉप्टर-वैमानिकांची प्रशिक्षण-शाळा आहे. हेलिकॉप्टराचा सदृशक विमानाच्या सदृशकाहून अवघड असतो. एका जागी तरंगताना वैमानिक गवताची पाती व दगड यांच्यावरून आपले सरकणे ओळखतो. दृश्यात तेवढा बारकावा नसेल, तर त्याला तरंगताच येत नाही.

गोव्याचे उदाहरण : दाबोळी येथील नौदलाच्या ‘हंसा’ तळावर सी हॅरिअर विमाने डिसेंबर १९८३ मध्ये आली. सरळ खाली उतरणाऱ्या या विमानासाठी तेथे सदृशकही बसविण्यात आला होता. मे २०१६ मध्ये ती निवृत्त झाली. त्यांची जागा घेणाऱ्या रशियन मिग-२९के विमानांची खरेदी जानेवारी २००४ च्या करारानुसार झाली व पहिली विमाने फेब्रुवारी २०१० मध्ये हंसा येथे सेवेत दाखल झाली. ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू जहाजावरून हे विमान चढणीच्या टोकावरून झेप घेते व उतरताना शेपटीचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकवून थांबते. जहाज पुढे चाललेले असते, लाटांवर डोलत असते. वैमानिकाने दिव्यांच्या संकेतावर नजर ठेवून काही मीटरांच्या आत चाके टेकवावयाची असतात. तार हुकली तर पुन्हा उडता यावे म्हणून टेकताक्षणी एंजिनास पूर्ण जोर द्यावा लागतो. जमिनीवर शिकलेल्या वैमानिकाच्या सर्व सहज प्रेरणांच्या हे विरुद्ध आहे. सदृशकाची खरी गरज कोठे असेल, तर ती येथे.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१६ मध्ये संसदेस सादर केलेल्या अहवालात या विमानाच्या पूर्ण-कामगिरी सदृशकाविषयी नोंद आहे. जहाजावर उतरण्याची पात्रता मिळविण्याच्या शिक्षणास तो अयोग्य ठरला, कारण त्याची दृश्य-यंत्रणा त्या उड्डाणाच्या स्वरूपास पुरी पडत नव्हती. त्याच अहवालाप्रमाणे या विमानांची सेवायोग्यता १५·९३ ते ३७·६३ टक्क्यांच्या दरम्यान होती. दोन्ही नोंदी एकत्र वाचाव्या लागतात. विमाने दुरुस्तीत अडकल्यावर वैमानिकाचे तास सदृशकाने भरून काढावयाचे. पण ज्या एका गोष्टीसाठी नौदलाचा वैमानिक इतरांहून वेगळा असतो, नेमकी तीच गोष्ट त्यास शिकविता येत नव्हती. हा दोष झिजेचा नसून मूळ खरेदीचा आहे. अशा दोषास कितीही कुशल तंत्रज्ञ उपाय करू शकत नाही. त्याच्या हाती अचूकपणे राखलेले अपुरे यंत्र उरते. खरेदीच्या कागदांवर सही होण्यापूर्वी, शिकविणारा वैमानिक व यंत्र राखणारा तंत्रज्ञ या दोघांनी ते प्रत्यक्ष चालवून पाहिले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हंसा तळावर पुढे किनाऱ्यावरच जहाजाच्या डेकची प्रतिकृती बांधण्यात आली. चढण व अडविणारी तार असलेल्या या ठिकाणाहून तेजस विमानाच्या नौदली नमुन्याने २० डिसेंबर २०१४ रोजी प्रथम झेप घेतली व १३ सप्टेंबर २०१९ रोजी तारेच्या साहाय्याने प्रथम उतरून दाखविले. ही प्रतिकृतीही एका अर्थी सदृशकच होय, फक्त तीत विमान खरे आणि जहाज खोटे असते.

स्वदेशी प्रयत्न : संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या बंगळुरू येथील वैमानिकी विकास आस्थापनेत (स्थापना १९५९) सदृशकांवर काम होत आले आहे. तेजस विमानाचे ४ जानेवारी २००१ रोजीचे पहिले उड्डाण करणारे विंग कमांडर राजीव कोठियाल व इतर चाचणी-वैमानिक यांनी तत्पूर्वी विमानाचे नियंत्रण-नियम सदृशकावर दीर्घकाळ पारखले होते. विमान व त्याचा सदृशक एकाच देशात, एकाच मापांवरून तयार झाले, म्हणजे विमानावरील बदल सदृशकात आणण्यासाठी परदेशी पत्रव्यवहार करावा लागत नाही. या लाभाची गणना खर्चाच्या तक्त्यात सहसा होत नाही.

देखभालीची सोय करण्याचे प्रकारही बदलत आहेत. पूर्वी यंत्र सैन्याच्या मालकीचे व तंत्रज्ञ सैनिक, अशी रीत होती. सैनिक तंत्रज्ञाची दर काही वर्षांनी बदली होते आणि यंत्राची खोड ओळखू लागलेला माणूस नेमका त्याच वेळी दुसऱ्या गावी जातो. ग्रेट ब्रिटनने १९९७ मध्ये बेन्सन येथील हेलिकॉप्टर-सदृशकांचे केंद्र बांधणे, चालविणे व राखणे हे सर्वच खाजगी कंपनीकडे दीर्घ मुदतीच्या कराराने सोपविले. सैन्याने तेथे यंत्र विकत न घेता शिक्षणाचे तास विकत घ्यावयाचे असतात. भारतात हिंदुस्थान एरोनॉटिक्स व कॅनडाची सीएई या कंपन्यांनी मिळून बंगळुरू येथे २०१० मध्ये हेलिकॉप्टर-प्रशिक्षणाचे केंद्र सुरू केले; तेथे एकाच मंचावर निरनिराळ्या हेलिकॉप्टरांचे कक्ष आलटून पालटून बसविता येतात. हवाई दलाच्या सी-१७ या अवजड वाहतूक विमानांचे सदृशक-केंद्र २०१६ मध्ये गुरुग्राम येथे बोइंग व महिंद्र यांनी उभारले.

तासांच्या करारात यंत्र बंद राहिल्यास नुकसान कंपनीचे होते, त्यामुळे ते चालू राहते यात शंका नाही. मात्र चालू असणे व खरे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. करारात उपलब्धतेची टक्केवारी लिहिणे सोपे असते. आलेख जुळल्याशिवाय तास मोजला जाणार नाही, ही अट लिहिणे व ती पाळली गेली की नाही हे तपासणारा माणूस स्वतःकडे राखणे अवघड असते. ज्या सैन्यांनी तंत्रज्ञांबरोबर हे तपासण्याचे ज्ञानही बाहेर देऊन टाकले, त्यांना नोंदवहीतील शेवटचा रकाना भरण्यासाठी पुन्हा त्याच कंपनीकडे जावे लागते.